उपडी येणारी बादली

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरामागच्या आडाला सील लागले, त्या सकाळी मी वरच्या मजल्यावर दाढी करत होतो. खाली आरडाओरडा नव्हता. फक्त वितळलेल्या लाखेचा वास जिन्यातून वर आला. टपाल कचेरीत पार्सलावर लाख लावतात तेव्हा येतो, तसा. घरात हा वास यायचे काही कारण नव्हते, म्हणून मी खाली गेलो.

मी त्या घरात भाडेकरू आहे. जन्म केदारखेड्याचा, शेती भावाकडे, माझी बरीच वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात गेली. घर ज्यांचे आहे त्यांना अख्खी गल्ली काकी म्हणते. त्यांच्या आजेसासऱ्यांनी राजस्थानातून येऊन इथे धान्याचे दुकान टाकले. वाटणीत दुकान धाकट्या दिराकडे गेले आणि हे घर व त्यामागचा आड काकींकडे राहिला. यजमान गेल्यावर काकींनी खाकरे, पापड आणि मुगवड्या करायला सुरुवात केली. चार बायका कामाला, भिंतीवर परवाना, परवान्याच्या चौकटीवर दर सोमवारी कापडाचा हात.

काकींच्या मालाला मागणी होती ती चवीसाठी, हे मला बरीच वर्षे खरे वाटत होते. चव होतीच. पण मुख्य कारण आड हे होते. व्रत पाळणारी जैन कुटुंबे फक्त आडाच्या, गाळलेल्या पाण्यात केलेला पदार्थ घेतात. चौमाशात गावात साधूंचा मुक्काम असतो. त्यांच्या दर्शनाला बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी भोजनशाळा चालते आणि तिथले खाकरे काकींकडून जातात. चौमाशात पापड बंद, खाकरे त्याच दिवशीचे. त्या चार महिन्यांवर घरातले बाकीचे महिने चालायचे.

पाणी गाळण्याची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरूनच घडले. आडातून काढलेले पाणी जाड खादीच्या दुपदरी फडक्यातून गाळायचे. फडक्यात जे अडकते ते डोळ्याला दिसो न दिसो, जिवंत आहे असे धरायचे. मग फडके उलटे करून, गाळलेल्याच पाण्याने विसळायचे. त्या विसळलेल्या पाण्याला जिवाणी म्हणतात. जिवाणी मोरीत ओतायची नाही. जिथून पाणी आले, त्याच आडात ती परत सोडायची. तीही वरून फेकून नाही, कारण एवढ्या उंचीवरून पडले तर जीव मरतील.

त्यासाठी पितळेची एक वेगळी बादली असते. तिच्या बुडाला बाहेरून लहान कडी असते आणि दोरीचे टोक त्या कडीला पक्के बांधलेले असते. त्याच दोरीत थोडे वर एक आकडा असतो, तो बादलीच्या मुठीत नुसता अडकवायचा. बादली सरळ खाली जाते. पाण्यावर टेकली की दोरी सैल पडते आणि आकडा मुठीतून निसटतो. आता दोरी ओढली की बादली बुडाकडून उचलली जाते, आतले सगळे पाण्यात हलकेच सुटते आणि बादली उपडी वर येते.

आमच्याकडे केदारखेड्याला आई पाणी पदराने गाळायची आणि पदर अंगणात झटकायची. त्या झटक्यात काय गेले, याचा विचार आमच्या घरात कोणी केला नव्हता. काकींकडे राहायला आल्यावर मी ही बादली पहिल्यांदा पाहिली. रोज पाहिल्यावर मग पाहणेही सोडून दिले.

मी खाली पोहोचलो तेव्हा अन्न खात्याचे निरीक्षक कागदावर सही करत होते. तरुण होते, सभ्य होते, बूट बाहेर काढून आत आले होते. तपासणीला आले तेव्हा कामावरच्या सगळ्यात जुन्या मावशी आडापाशी होत्या. त्या राजूरहून रोज एसटीने येतात. त्या बादली वर ओढत होत्या आणि बादली रिकामी, उपडी आली. निरीक्षकांनी विचारले, आत काय सोडले? मावशींनी खरे ते सांगितले, की फडकं धुतलेलं पाणी, साहेब. निरीक्षकांनी ते लिहून घेतले.

नोटिशीत मजकूर असा होता की, कामगार महिला फडके धुतलेले पाणी पाण्याच्या स्रोतात सोडत असताना आढळून आली, सबब आडाचे पाणी वापरण्यास तात्काळ मनाई करण्यात येत असून, नळाच्या पाण्याची सोय दाखवेपर्यंत उत्पादन बंद ठेवावे. खाली अपील करण्याची मुदत. मी ते वाक्य उभ्यानेच पुन्हा वाचले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि खोडायला अवघड ते त्यामुळेच होते.

मात्र काकींचे लक्ष नोटिशीवर नव्हते. आडाच्या झाकणाजवळ एक कळशी होती. सकाळच्या दुसऱ्या गाळणाची जिवाणी तिच्यात होती आणि ती सोडायच्या आत लाख ओतली गेली होती.

"साहेब, एवढं सोडू द्या, मंग लावा सील," काकी म्हणाल्या.

निरीक्षकांनी लाखेकडे पाहिले. ती थंड झाली होती. "आता काहीच सोडता येणार नाही, काकी. त्याचीच तर नोटीस आहे."

काकींनी कळशी उचलून सावलीत ठेवली आणि तिच्यावर ओले फडके टाकले. जिवाणी दुसऱ्या आडात चालत नाही. त्या कळशीचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती घासून पालथी घातलेली दिसली आणि काकींनी त्या दिवशी उपवास धरला होता.

संध्याकाळी धाकटे दीर स्कूटरवर आले. धान्याच्या व्यवहारात मुरलेला माणूस, बोलतानाही तागडी धरल्यासारखे हात करतात. त्यांनी नोटीस वाचली आणि त्यांना ती फार गंभीर वाटली नाही.

"भाभी, नळ वापरतो म्हणून लिहून द्या. सील निघंल. मंग आत कुठलं पाणी चाललंय, कोण बघायला येऊन राह्यलं?"

"म्हंजे गिऱ्हाइकाला आडाचं सांगायचं अन् साहेबाला नळाचं," काकी म्हणाल्या.

"धंद्यात एवढं चालतं."

"तुमच्या धंद्यात चालत असंल. ज्वारी घेणारा पोत्यात हात घालून बघतो. माझा खाकरा घेणारा माझ्या तोंडाकडं बघून घेतो."

मग दिरांनी दुसरा मार्ग काढला. समाजातर्फे निवेदन देऊ, वीस-पंचवीस जण जाऊ, पेपरात फोटो येईल. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की फोटो येईल, सील जाणार नाही. असे फोटो मीच कितीतरी लावले होते आणि त्यांच्या खालच्या ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या एकाचेही पुढे काय झाले ते आमच्या पानावर आले नव्हते.

राहिले अपील. दिरांच्या ओळखीच्या वकिलांनी मसुदा पाठवला. चार पाने होती. त्यात हजारो वर्षांची परंपरा होती, धर्मस्वातंत्र्य होते, अल्पसंख्याक महिला उद्योजकाची मुस्कटदाबी होती. काकींनी तो मला वाचायला दिला, कारण चष्म्याचा नंबर वाढला होता. मी मोठ्याने वाचला. त्या म्हणाल्या की यात माझा आड कुठंय?

प्रश्न बरोबर होता. त्या रात्री मी नोटीस घेऊन बसलो नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. डेस्कवर एक सवय लागलेली असते. बातमीत काय आहे यापेक्षा काय नाही, ते आधी शोधायचे. नोटिशीत आडात काय गेले ते होते. पिठात कुठले पाणी गेले, ते कुठेच नव्हते.

पिठात आडाचे पाणी थेट जातच नाही. गाळलेले पाणी मोठ्या पातेल्यात उकळतात, झाकून निववतात आणि मग त्यात पीठ मळतात. हाही त्यांच्या रीतीचाच भाग आहे. निरीक्षक आडापाशी थांबले, तिथे जे दिसले त्यावर नोटीस निघाली आणि चुलीपर्यंत तपासणी पोहोचलीच नाही.

अपील दीड पानाचे झाले. त्यात परंपरा हा शब्द एकदा आला, तोही रीत समजावी म्हणून. फडके कशाचे, ते कुठल्या पाण्याने विसळतात, ते पाणी कुठून आले आणि कुठे गेले, पिठात कुठले पाणी जाते. शेवटी एक विनंती होती की खात्याने आमच्यासमोर पाण्याचे नमुने घ्यावेत. आडाचाही घ्यावा आणि उकळलेल्या पाण्याचाही.

ही शेवटची ओळ दिरांना अजिबात पसंत पडली नाही. "नमुना द्या म्हणून मागं लागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहून राह्यलो. वाईट निघाला तर? आज सील आहे, उद्या परवाना जाईल. बिलकुल मागू नका."

ते चुकीचे बोलत नव्हते. नमुना खराब आला असता तर अपील आपल्याच हाताने संपवल्यासारखे झाले असते. चौमासा तोंडावर होता. भोजनशाळेच्या व्यवस्थापकांचा निरोप आला होता, की अडचण असेल तर ते दुसरी व्यवस्था पाहतील. मी काकींना दोन्ही बाजू सांगितल्या आणि ती ओळ काढायला तयार आहे असेही सांगितले. त्यांनी अपील हातात घेऊन ती ओळ कुठे आहे ते बोटाने विचारले. मी दाखवली. ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "राहू द्या. आपण आतलं बघा म्हणतो, मंग झाकण कशाला ठेवायचं?"

अपिलाची सुनावणी विभागाच्या कार्यालयात, छत्रपती संभाजीनगरला होती. आम्ही तिघे एसटीने गेलो, काकी, मावशी आणि मी. दिरांना बाजारात काम होते. काकींच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पितळी बादली होती आणि मावशींच्या पिशवीत दोरीचे वेटोळे. कंडक्टरने टॉवेलातून डोकावणारी बादली पाहून विचारले, "काकी, पाणी भरायला एवढ्या लांब?"

"भरायला न्हाई बाबा. सोडायला," मावशी म्हणाल्या.

मावशी प्रवासात तेवढेच बोलल्या. आपल्या एका उत्तरामुळे आडाला सील लागले, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. काकींनी त्यांना एकदाही तसे म्हटले नव्हते आणि त्यामुळे मावशींना जास्त वाईट वाटत असावे. त्यांनी राजूरच्या गणपतीला नवस बोलल्याचे मला नंतर समजले.

कार्यालयाच्या फाटकावर पहारेकऱ्याने दोरी पाहिली आणि आम्हाला थांबवले. त्याने आमच्याकडे, दोरीकडे आणि पुन्हा आमच्याकडे पाहिले. "उपोषण-बिपोषण असंल तर बाहेरच बसा. आत मनाई हाय." मी सुनावणीचे पत्र दाखवले. बादलीची नोंद वहीत कशी करायची यावर त्याने थोडा विचार केला आणि शेवटी सोडले.

अपील ऐकणाऱ्या अधिकारी मध्यमवयीन बाई होत्या. टेबलावर आमची फाइल उघडी होती. निरीक्षकही आले होते. त्यांनी आधी त्यांचे म्हणणे मांडले. जे पाहिले तेवढेच सांगितले, वर काही चढवले नाही. मग अधिकाऱ्यांनी काकींना विचारले की नळाचे पाणी वापरण्यात अडचण काय आहे.

"नळ हाय ना मॅडम. पाणी न्हाई त्यात."

कोपऱ्यातला लिपिक हसला. जालन्याच्या नळाची कीर्ती तिथवर पोहोचली होती. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले, तो थांबला.

"आणि असतं तर?" त्यांनी विचारले.

"असतं तरी न्हाई. नळाचं पाणी गाळलं तर फडक्यावरचं परत कुठं सोडू? तोटीत घालू?"

"परत सोडायचंच कशाला?"

काकींनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "ज्याचं घर जिथं, त्याला तिथं पोचवायचं. आपल्याला पाणी पाहिजे, मॅडम. राहणाऱ्याला कशाला उचलून आणायचं?"

अधिकाऱ्यांनी अपिलातला बादलीचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या की हे मला नीट समजलेले नाही. हा परिच्छेद मी तीन वेळा लिहिला होता. काकींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी टॉवेल सोडला.

कार्यालय पहिल्या मजल्यावर होते. बाहेर लांब गॅलरी आणि गॅलरीखाली झाडांना पाणी देण्यासाठी सिमेंटचा भरलेला हौद होता. मावशींनी दोरी बुडाच्या कडीला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. काकींनी पाण्याच्या बाटलीतले पाणी बादलीत ओतले, आकडा मुठीत अडकवला आणि बादली कठड्यावरून खाली सोडली. शेजारच्या खोल्यांतून माणसे बाहेर आली. अधिकारी बाई कठड्यावर वाकल्या, निरीक्षक त्यांच्या बाजूला. फाटकावरचा पहारेकरी खालून वर पाहत होता.

बादली हौदाच्या पाण्यावर टेकली. दोरी सैल पडली. काकींनी मनगटाला किंचित हिसका दिला आणि दोरी ओढायला सुरुवात केली. पाण्याचा आवाज झाला नाही. बादली उपडी, रिकामी वर आली आणि तिच्या बुडावरून दोन थेंब कठड्यावर पडले.

"पुन्हा दाखवा," अधिकारी म्हणाल्या. काकींनी पुन्हा दाखवले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः दोरी धरली. आकडा निसटला नाही, बादली भरलेलीच वर आली आणि थोडे पाणी त्यांच्या साडीवर सांडले. "घाई केली मॅडम," मावशी म्हणाल्या. "टेकू द्यायची तिला." चौथ्यांदा जमले. गॅलरीत कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

आत आल्यावर अधिकाऱ्यांनी निरीक्षकांना विचारले, "तुम्ही पाहिलं तेव्हा बादली अशीच वर आली होती?"

"हो, मॅडम."

"आणि पीठ कुठल्या पाण्यात मळत होते?"

निरीक्षकांनी थोडा विचार केला. "ते मी पाहिलं नाही, मॅडम."

पत्रकार परिषदा, चौकशा, सभा यांत मी अनेकांना प्रश्नांची उत्तरे देताना ऐकले आहे. हे वाक्य इतक्या सरळ आवाजात म्हणणारे फार थोडे भेटले. अधिकाऱ्यांनी त्यांना दोष दिला नाही. दोन्ही पाण्यांचे नमुने दोन्ही बाजूंच्या समक्ष घ्यावेत आणि अहवाल आल्यावर निर्णय द्यावा, असे त्यांनी लिहवून घेतले. नमुन्यापुरते सील उघडायचे आणि पुन्हा लावायचे होते.

नमुने घ्यायला निरीक्षकच आले. आडाचे पाणी एका बाटलीत भरले. मग ते चुलीपाशी बसले आणि पाणी गाळण्यापासून उकळून निवेपर्यंत उठले नाहीत. त्यांना चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. नमुन्याच्या दिवशी घेत नाही म्हणाले. त्या दिवशीची जिवाणी सील पुन्हा लागण्याआधी आडात गेली. या वेळी कोणाला सांगावे लागले नाही. ते लाखेची कांडी हातात घेऊन थांबून राहिले.

अहवाल आला तेव्हा दीर घरात होते. मी वाचला. आडाचे पाणी न उकळता पिण्यास योग्य नाही, असे पहिल्या ओळीत होते. दिरांनी डोळे मिटले. दुसऱ्या ओळीत उकळलेले पाणी पिण्यास योग्य असल्याचे होते.

"म्हणजे अर्धं हरलो," दीर म्हणाले.

"कच्चं पाणी या घरात प्यालंय कोण?" काकी म्हणाल्या. "तुमच्या आईनं प्यायला दिल्तं का कधी?"

दिरांना आठवले. दिले नव्हते.

निर्णयाचा कागद त्यानंतर आला. काकींच्या सांगण्यावरून मी तो अंगणात, सगळ्यांसमोर वाचला. मी साधारणपणे असे कागद शेवटाकडून वाचतो, पण त्या दिवशी सुरुवातीपासून वाचला. आडातून काढलेले पाणीच आडात परत जाते, त्यात बाहेरचे काही मिसळत असल्याचे दिसत नाही. पदार्थात वापरले जाणारे पाणी योग्य आहे. सबब अपील मंजूर करण्यात येत असून मनाईची नोटीस रद्द करण्यात येत आहे. आडावर बारीक जाळी बसवावी आणि उकळलेल्या व न उकळलेल्या पाण्याचे भांडे वेगळे, खूण करून ठेवावे, एवढ्या दोन अटी. भांडी आधीच वेगळी होती. खूण नव्हती, ती मावशींनी त्याच दुपारी शेंदराने केली. अहवाल आल्यावरच त्या राजूरला नवस फेडून आल्या होत्या, शेंदूर हाताशी होता.

दिरांनी कागद माझ्या हातून घेतला, स्वतः वाचला आणि भोजनशाळेच्या व्यवस्थापकांना फोन लावला. "जल्दी सांगा, किती पाहिजेत," एवढेच बोलले. मग आपण आधी काय सुचवले होते ते त्यांना आठवले असावे. जाळीचा खर्चा मी देतो, असे त्यांनी कोणाकडेही न पाहता सांगितले. काकींनी तो घेतला.

सील काढायला निरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चौघी बायका पदर खोचून उभ्या होत्या. चुलीवर रिकामे पातेले ठेवले होते. निरीक्षकांनी लाख फोडली, तुकडे कागदात गोळा केले, कारण आडात पडू नयेत, आणि सील काढल्याच्या पंचनाम्यावर माझी पंच म्हणून सही घेतली. त्यांचे काम तिथे संपले होते. ते गेले नाहीत.

काकींनी पहिले पाणी काढले. गाळले. फडके उलटे करून विसळले आणि कळशीतले पाणी पितळी बादलीत ओतले. निरीक्षक आडाच्या कडेशी वाकून पाहत होते.

"साहेब, जरा मागं," काकी म्हणाल्या. "टेकली की दोरीला हिसका बसतो."

ते एक पाऊल मागे सरकले. दोरी काकींच्या हातातून सरसर खाली गेली, सैल पडली, आणि बादली उपडी वर आली.